पाण्याच्या मागणीचा अंदाज एआयनं काढतात म्हणे, पण दिवसाआड पाणी येणाऱ्या गावात ते चालतं का?

टाकीवरचा_जेई

नमस्कार मंडळी. मी एका नगरपालिकेत पाणीपुरवठ्याला जेई (कनिष्ठ अभियंता) आहे, गावाचं नाव नाही लिहीत, पश्चिम महाराष्ट्रातलं समजा, वस्ती साधारण ७० हजार. नदीवर जॅकवेल (पाणी उपसायची विहीर), तिथून रायझिंग मेननं (पाणी वर चढवणाऱ्या मोठ्या पाइपनं) फिल्टर प्लांट, पुढं सहा टाक्या आणि मग झोनप्रमाणं पाणी, निम्म्या गावाला आज निम्म्याला उद्या. प्लांटमधनं रोजचं सरासरी १२ एमएलडी (म्हणजे १ कोटी २० लाख लिटर) बाहेर पडतं.

मध्यंतरी एक कंपनीवाले येऊन प्रेझेंटेशन देऊन गेले. उद्या कुठल्या झोनला कुठल्या तासाला किती पाणी लागणार ते एआय सांगणार, ९५ टक्के ॲक्युरसी, त्यावर पंप आपोआप चालू-बंद होणार, वीजबिल कमी येणार वगैरे. स्क्रीनवर दोन रेषा एकमेकीला अशा चिकटलेल्या की बघणाऱ्याला वाटावं एकच आहे. मुख्याधिकारी साहेब खूश, सभापती तर फारच खूश. मला सांगितलं तू नवा आहेस, कॉम्प्युटरचं कळतं तुला, अभ्यास करून अभिप्राय दे.

मला पायथॉन थोडंफार येतं. प्लांटच्या आउटलेटला इलेक्ट्रोमॅग्नेटिक फ्लोमीटर आहे, त्याचा दोन वर्षांचा तासातासाचा डेटा स्काडातनं (पंप-मीटरच्या नोंदी ठेवणाऱ्या सिस्टीममधनं) काढला, त्याला तापमान जोडलं आणि यूट्यूब बघत बघत एलएसटीएम (मागच्या आकड्यांवरनं पुढचे सांगणारं एआय मॉडेल) चालवलं, तर एरर ५ टक्क्यांच्या आत आली राव. म्हणजे कंपनी जे विकतेय ते माझ्या जुन्या लॅपटॉपवर पण होतंय, आणि त्यामुळंच शंका येतेय, इतकं सोपं असतं तर आतापर्यंत सगळ्यांनी केलं असतं ना.

तर विचारायचं असं की हे विकत घेण्यासारखं आहे का, घरचंच मॉडेल वापरलं तर चालेल का, आणि मुख्य म्हणजे येत्या उन्हाळ्याचं नियोजन यावर करता येईल का. कुणी प्रत्यक्ष केलंय का इथं?

पाणीपुरवठा_रिटायर्ड

जेई साहेब, शंका आली हे बरं झालं, आमच्या वेळी डीपीआर (प्रकल्पाचा सविस्तर अहवाल) बघून कुणाला शंका यायची नाही.

आधी तुमचं मीटर काय मोजतंय ते बघा. प्लांटच्या आउटलेटचं मीटर म्हणजे टाक्या भरायचा वेग, गावाचा वापर टाकीच्या पलीकडं सुरू होतो. बरं टाकीच्या आउटलेटला मीटर लावलं तरी काय होणार, पहाटे साडेपाचला व्हॉल्व्हमननं चावी फिरवली की आकडा चढणार, आठला बंद केली की पडणार, टाकी तळाला गेली की शून्य. हे दोन वर्षं रोज बघितल्यावर मॉडेल शिकतं ते व्हॉल्व्हमनची ड्यूटी आणि पंप ऑपरेटरची शिफ्ट. तुमचंच वेळापत्रक तुम्हालाच ९५ टक्के अचूक सांगायला कंपनी पैसे मागतेय. लोकांना किती पाणी पाहिजे होतं हे त्या मीटरमधनं कधी गेलेलंच नाही. स्टँडवर एसटीत चढलेली माणसं मोजायची आणि म्हणायचं या मार्गाला रोज ५५ प्रवासी आहेत, आणि जे खाली राहिले, वडापच्या जीपनं गेले ते कुणी मोजायचे?

आता उन्हाळा. तापमान जोडलंय म्हणताय ना, मग एक करून बघा, एप्रिल-मेचं तापमान आणि फ्लो यांचा एकमेकाशी संबंध कसा येतो ते काढा. माझी खात्री आहे उलटा येणार. ऊन वाढलं की लोकांना पाणी जास्त लागतं, पण त्याच वेळी नदीला पाणी कमी असतं, धरणाचं आवर्तन (पाणी सोडायची पाळी) लांबतं, जॅकवेलला पातळी मिळत नाही आणि आपण कपात करतो. म्हणजे डेटामधे ऊन वाढलं की पाणी कमी. मॉडेलला बिचाऱ्याला कपात ठाऊक नाही, ते शिकणार की गरमी वाढली की माणसाची तहान कमी होते. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, पहिल्या गाडीत साधारण ५ लाख लिटर होतं, त्या एप्रिल-मेचे लातूरचे आकडे कुणी एआयला दिले तर ते सांगेल की लातूरकरांना उन्हाळ्यात पाणी लागतच नाही. त्यामुळं उन्हाळ्याचं नियोजन यावर अजिबात करू नका, तो सगळ्यात धोक्याचा भाग आहे.

अजून एक गणित करा. निकष माणशी १३५ लिटर, गुणिले ७० हजार म्हणजे ९४.५ लाख लिटर, त्यात १५ टक्के गळती धरली तर साधारण ११ एमएलडी. तुम्ही १२ देताय, म्हणजे माणशी १७१ लिटर प्लांटमधनं निघतंय. कागदावर गाव सुखात आहे. मग दिवसाआड का द्यावं लागतं? कारण जुन्या लाइनीत किती मुरतं ते ठाऊक नाही, खालच्या आळीत तोटीच नसलेले नळ धो धो वाहतात, वरच्या आळीत नळाला डायरेक्ट मोटर लावून ओढतात, आणि दिवसाआड म्हटलं की प्रत्येक घर दोन-तीन दिवसांचं भरून ठेवतं आणि ताजं पाणी आलं की शिळं मोरीत ओतून देतं. हे ओतलेलं पाणी पण तुमच्या मीटरमधे "मागणी" म्हणूनच दिसतं. आणि दाब जास्त तर उघड्या नळातनं पाणी जास्त जाणार, दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात, त्यात माणसाच्या गरजेचा काय संबंध.

तुमच्या जवळचंच उदाहरण, कराडजवळचं मलकापूर. तिथं २४ तास पाणी दिलं, घरोघरी मीटर आणि वापर वाढेल तसा चढता दर. सुरुवातीला सगळे म्हणायचे २४ तास दिलं तर लोक नासाडी करतील. तसं झालं नाही कारण भरून ठेवायची गरजच राहिली नाही आणि बिलाची भीती होती. तिथल्या मीटरमधे जे दिसतं त्याला मी मागणी म्हणेन. तुमच्याकडचा आकडा म्हणजे पुरवठा.

उंबऱ्यातला_नळ

मला एवढंच कळतं की आमच्याकडं पाणी कधी येणार हे शेजारच्या काकूंना बरोब्बर कळतं. व्हॉल्व्हमन कुठल्या बोळात सायकल लावतो त्यावरनं. एआयपेक्षा त्यांना टेंडर द्या 😄

डेटा_आणि_चहा

वरच्या सरांनी मुद्द्याचं सांगून टाकलंय, मी फक्त मॉडेलच्या बाजूनं बोलते, कारण ५ टक्के एरर हा आकडा मला पण खटकला. मी पुण्यात फोरकास्टिंगचंच काम करते, पाण्याचं नाही, विजेचं आणि रिटेलचं, पण आजार तेच असतात.

पहिलं म्हणजे एरर मोजलीत कशी? मेप (सरासरी टक्केवारी चूक) वापरलं असेल तर त्यात खऱ्या आकड्यानं भागतात, आणि तुमच्याकडं पुरवठा नसलेल्या तासांना खरा आकडा शून्य. शून्यानं भागता येत नाही म्हणून बहुतेक जण ते तास गपचूप काढून टाकतात नाहीतर एखादा बारीक आकडा मिळवून वेळ मारून नेतात. उलट आरएमएसई (चुकांच्या वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ) घेतलं तर रात्रीच्या शून्याला शून्य म्हटल्याचे फुकटचे मार्क मिळतात. दोन्हीकडून आकडा छान दिसतो. फक्त पाणी चालू असलेले तास घेऊन परत मोजा.

दुसरं, ट्रेन (मॉडेलला शिकवायचा) आणि टेस्ट (तपासायचा) डेटा रँडम वाटला होता का? यूट्यूबवर नव्वद टक्के व्हिडिओत तेच करतात. मग मंगळवारी ९ वाजताचा आकडा ट्रेनिंगमधे आणि १० वाजताचा टेस्टमधे, म्हणजे पेपर आधीच फुटलेला. वेळेच्या क्रमानं तोडा, शेवटचे काही महिने पूर्ण बाजूला ठेवा आणि त्यांच्याकडं ढुंकून बघू नका. आणि तापमान पण त्या दिवशीचं खरं वापरलंय बहुतेक, पण उद्याचा अंदाज काढताना तुमच्याकडं उद्याचं खरं तापमान नसणार, अंदाजाचं असणार, तेच टाकून टेस्ट करा.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, तुलना कशाशी केलीत? सगळ्यात आळशी मॉडेल म्हणजे "मागच्या वेळी जे झालं तेच आता होईल". २४ तास पाणी असेल तिथं गेल्या आठवड्याचा तोच वार तोच तास घेतात. तुमच्याकडं गंमत आहे, पाळी दोन दिवसांची आणि आठवडा सात दिवसांचा, त्यामुळं आज सोमवारी ज्या झोनला पाणी आहे त्याला मागच्या सोमवारी नव्हतं, १४ दिवसांपूर्वीच्या सोमवारी होतं. तर ४८ तासांपूर्वीचा आकडा आणि १४ दिवसांपूर्वीचा आकडा, हे दोन आळशी अंदाज करून बघा. एलएसटीएम यांना किती मागं टाकतं ते बघा, नुसतं ५ टक्के या आकड्याला काही अर्थ नाही.

आणि हो, कॅलेंडर!! हे जवळजवळ सगळ्या रेडीमेड सॉफ्टवेअरमधे गंडतं. आपले सण इंग्रजी तारखेला येत नाहीत. धुळवड २०२४ ला २५ मार्चला होती, २०२५ ला १४ मार्चला. लक्ष्मीपूजन २०२३ ला १२ नोव्हेंबर, २०२४ ला १ नोव्हेंबर, २०२५ ला २१ ऑक्टोबर. आषाढी २०२३ ला २९ जून आणि २०२४ ला १७ जुलै, कारण मधे २०२३ चा अधिक श्रावण आला. मॉडेलला नुसती तारीख आणि महिना दिलात तर दोन वर्षांच्या डेटातनं ते यातलं काहीच शिकणार नाही. पंचांग घेऊन हातानं कॉलम करा: सणापर्यंत किती दिवस राहिले, सण होऊन किती झाले, लग्नाच्या तिथी, गावची जत्रा, आठवडी बाजार, शाळेची सुट्टी. कंटाळवाणं काम आहे पण मला विचाराल तर एलएसटीएम की एक्सजीबूस्ट (दुसऱ्या प्रकारचं, हलकं मॉडेल) या वादापेक्षा याचा फायदा जास्त होतो. (तुमच्याएवढ्या डेटाला मी एक्सजीबूस्ट नाहीतर त्याच जातीचं लाइटजीबीएमच घेईन, पटकन ट्रेन होतं आणि कुठल्या कॉलमला किती वजन दिलंय ते तरी दिसतं.)

हल्ली आधीच ट्रेन केलेली टाइम सिरीजची मॉडेलं पण फुकट मिळतात, ॲमेझॉनचं क्रोनॉस, गुगलचं टाइम्सएफएम, दोन्ही २०२४ ची. डेटा टाकला की अंदाज, ट्रेनिंगची गरज नाही. कंपनीच्या आकड्याशी तुलना करायला एक संध्याकाळ घालवून बघण्यासारखं आहे. पण सरांचा मुद्दा तिथं पण तसाच राहतो, पुरवठ्याचा डेटा दिला की पुरवठ्याचाच अंदाज येणार.

तळकोकणातला

कॅलेंडरबद्दल शंभर टक्के. आमच्याकडे गणपतीत मुंबईकर चाकरमानी आले की बंद घरं सगळी उघडतात, प्रत्येक घरात दहा-पंधरा माणसं, आणि विसर्जन झालं की आठवड्यात परत कुलपं. गणपती २०२३ ला १९ सप्टेंबरला, २०२४ ला ७ सप्टेंबरला आणि २०२५ ला २७ ऑगस्टला. त्यात भर पावसात येतात, म्हणजे विहिरी भरलेल्या, नळाला किती लागेल ते त्यावर पण अवलंबून. हे सगळं धरून अंदाज काढणारं मशीन असेल तर मला पण दाखवा.

नाशिकवाल्यांचं तर अजून अवघड. कुंभ २००३, २०१५ आणि आता २०२७. तासाचा डेटा मिळाला तर फार तर २०१५ चा. एका नमुन्यावर काय शिकवणार एआयला.

चावी_आणि_आटे

माझा बाप व्हॉल्व्हमन होता, आता घरी असतोय. ही चर्चा त्याला वाचून दाखवली तर म्हणला त्या साहेबाला सांग आधी आटे (व्हॉल्व्हच्या चावीचे फेरे) लिहून काढ म्हणावं.

म्हंजे असं हाय, कुठला व्हॉल्व्ह किती आटे उघडायचा हे त्याच्या डोक्यात असायचं. सखल भागाचा पूर्ण उघडला की सगळं पाणी तिकडंच पळतंय आणि चढावरच्या गल्लीत नुसती हवा. म्हणून खालचा चार आटेच उघडायचा, वरच्या गल्लीला आधी सोडायचं, टाकी अर्धी झाली की मग खालचा वाढवायचा. कुणाच्या घरी लग्न हाय, कुठं मयत झाली, कुठल्या वॉर्डातनं नगरसेवकाचा फोन आला, तसं पंधरा मिनिटं इकडं तिकडं. हे कुठल्याच रजिस्टरमधी नाही. रजिस्टरमधी रोज एकच वेळ, ५.३० ते ८, वर्षभर. तुमचं कॉम्प्युटर ते रजिस्टर खरं धरणार.

आन हवेचं पण बघा. लाईन रिकामी झालेली असती, पाणी सोडलं की आधी हवा पळती आणि घरातलं साधं मीटर त्या हवेवर पण गरगर फिरतंय. लोक भांडायला येत्यात की पाणी आलं नाही आन बिल आलं. त्यांचं खोटं नसतंय.

बाप म्हणतोय व्हॉल्व्हमनला साधा मोबाईल द्या, व्हॉल्व्ह उघडला की ग्रुपवर टाकायचं, व्हॉल्व्ह नंबर आणि आटे, येळ तर आपोआप पडतीच. लई मोठं सॉफ्टवेअर लागत नाही त्याला.

उट्रेख्तहून

मी मूळचा सांगलीचा, सध्या नेदरलँड्समधे, कामानं पाणी क्षेत्रातलाच. इथं मागणीचा अंदाज बरीच वर्षं रोजच्या कामात वापरतात आणि त्याचं गुपित सांगतो, मॉडेल अगदी साधं असतं. मागच्या दोन दिवसांतला वापर, वाराची सवय, सुट्टीचा दिवस आहे का, यावरून पुढच्या ४८ तासांचा अंदाज आणि नवीन आकडे येतील तसं स्वतःला सुधारत राहणं. डीप लर्निंग वगैरे नंतर आलं. उपयोग पण साधाच, टाकीत साठा किती ठेवायचा ते कळलं की प्लांट दिवसभर एकसारख्या वेगानं चालवता येतो, मागणीच्या मागं धावून पंप खालीवर करावा लागत नाही, पाण्याचा दर्जा सांभाळणं सोपं जातं आणि वीज वाचते.

पण हे का जमतं तर इथं नळ कधी बंद नसतो, घरात साठवण्याची टाकी नाही, आणि गळती ५ टक्क्यांच्या आसपास. नळ उघडला म्हणजे त्या क्षणाला पाणी हवंय. फुटबॉल मॅचला हाफटाइम झाला की फ्लोमीटरवर चक्क शिखर दिसतं. आपल्याकडं वर्ल्डकप फायनलला पण काही दिसणार नाही, कारण सगळे गच्चीवरच्या टाकीतलं वापरतात आणि ती टाकी सकाळीच भरलेली असते.

२०२४ मधे इटलीत फेरारा इथं या विषयाची स्पर्धाच झाली होती, ईशान्य इटलीतल्या एका जाळ्याचे १० झोन, तासाचा डेटा आणि हवामान दिलेलं, पुढच्या आठवड्याचा अंदाज करायचा. कुठला झोन हॉस्पिटलचा, कुठला शहराच्या मध्यातला, कुठला गावाबाहेरचा, प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. कंपनीवाले परदेशातले असे आकडे दाखवत असतील तर ते खोटे नसतील, पण ते सगळे २४ तास पाण्याच्या जाळ्यांवरचे आहेत एवढं विचारून घ्या.

टाकीवरचा_जेई

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं.

काल ऑफिस सुटल्यावर बसून बघितलं. शून्याचे तास काढले, शेवटचे महिने वेगळे ठेवले, आणि ताईंनी सांगितलेला ४८ तासांपूर्वीचा आळशी अंदाज लावला. एलएसटीएम आणि तो, जवळजवळ बरोबरीत. काही आठवडे तर आळशीच पुढं. आणि सर, एप्रिल-मेचं तुमचं तंतोतंत खरं निघालं, तापमान वर आणि फ्लो खाली. अजून एक सापडलं, लाईट गेल्यामुळं पंप बंद पडलेले तास आणि सेन्सर बंद पडलेले तास दोन्ही स्काडात शून्यच लिहिलेत, वेगळं काही कळत नाही.

आता अडचण अशी की साहेबांना नुसतं "नको" लिहून दिलं तर ते म्हणणार हा काम टाळतोय. कंपनीचा वीजबिलाचा मुद्दा तरी खरा आहे का? आणि नको तर मग करायचं काय?

पाणीपुरवठा_रिटायर्ड

वीजबिलाचा मुद्दा खरा आहे, पण त्याला मागणीचा अंदाज फारसा लागत नाही. ढोबळ हिशोब सांगतो. १२ एमएलडी म्हणजे १२ हजार घनमीटर, समजा एकूण ६० मीटर उचलायचंय आणि पंप-मोटर मिळून कार्यक्षमता ६५ टक्के, तर दिवसाला साधारण ३००० युनिट. यातले एक हजार युनिट महागाच्या तासातनं स्वस्ताच्या तासात सरकवले आणि युनिटमागं दीड रुपया फरक धरला, तर दिवसाला १५०० आणि वर्षाला साडेपाच लाखाच्या आसपास. वाईट नाही. पण दर आणि तासांचे टप्पे बदलत असतात, तुमच्या चालू बिलावरचे टीओडी झोन (दिवसाच्या कुठल्या तासांना कुठला वीजदर) बघूनच आकडा टाका.

यासाठी काय लागतं? टाक्यांची पातळी खरी दाखवणारे सेन्सर, टाक्यांमधे थोडी मोकळी जागा, आणि कुठली टाकी किती वेळात भरते याचं कोष्टक. पुरवठ्याचं वेळापत्रक तुमच्याच हातात आहे, मग कुठल्या तासाला टाकीतनं किती जाणार हे तुम्हाला आधीच ठाऊक आहे. इथं तुमचं ते मॉडेल उपयोगी पडेल बघा, पुरवठ्याचा अंदाज म्हणून, फक्त त्याला मागणी म्हणू नका. आणि आधी पंपांची तपासणी करा. ६५ टक्के मी उदारपणे धरलेत, जुने पंप ४५-५० वर चालत असतात, तिथं जी वीज जाते ती कुठलाच एआय वाचवणार नाही.

पुढच्या वीस-तीस वर्षांच्या मागणीचं मात्र वेगळं. तिथं लोकसंख्याच ठाऊक नाही, शेवटची जनगणना २०११ ची, २०२१ ची त्या वेळी झालीच नाही. केंद्राच्या अमृत योजनेच्या डीपीआरमधे २०११ वरनं भूमितीय वाढ लावून रेघ ओढतात. तुम्ही मालमत्ता कराचं रजिस्टर आणि घरगुती वीजजोडण्या घ्या वॉर्डवार, त्यावरनं कुठली बाजू वाढतेय ते बरं कळतं.

डेटा_आणि_चहा

जेई, शून्याचं जे सापडलं ते अभिप्रायात पहिलं लिहा. पाणी सोडलं नाही म्हणून शून्य, लाईट नव्हती म्हणून शून्य आणि सेन्सर मेला म्हणून शून्य, या तिन्हीला वेगळे कोड द्या आजपासूनच. जुना डेटा महावितरणच्या फीडर (वीजवाहिनी) बंदच्या नोंदी मिळाल्या तर थोडा दुरुस्त करता येईल.

"नको" लिहू नका, "आधी हे करू" असं लिहा. एक झोन निवडा ज्याची टाकी स्वतंत्र आहे, सगळ्या बाजूंनी व्हॉल्व्हनं तोडता येतो, काही शे जोडण्या. टाकीच्या आउटलेटला चांगलं मीटर, पाइप सतत भरलेला राहील अशा जागी, आणि दोन-चार ठिकाणी प्रेशर लॉगर (दाबाची नोंद ठेवणारं यंत्र). मग त्या एकाच झोनला काही महिने २४ तास नाहीतर निदान रोज भरपूर वेळ दाबानं पाणी द्या. सुरुवातीचे आठवडे आकडा भयंकर दिसेल, लोक सवयीनं भरूनच ठेवणार, घाबरून बंद करू नका. हळूहळू बसतं. रात्री दोन ते चारच्या मधला फ्लो पण तेव्हाच पहिल्यांदा दिसेल, गावाला झोप लागलेली असताना जे पाणी वाहतं त्यात बराचसा भाग गळतीचा. दिवसाआडच्या पुरवठ्यात हा आकडा मिळूच शकत नाही कारण रात्री लाइनीत पाणीच नसतं. ईपानेट (पाइपच्या जाळ्याचं गणित करणारं सॉफ्टवेअर) फुकट आहे, त्यात त्या झोनचं जाळं मांडा, आता तुमच्याकडं खरा पॅटर्न असेल.

कंपनीला नाही म्हणायची पण गरज नाही. फक्त अटी घाला: अचूकता त्यांच्या स्लाइडवर नाही तर ४८ तासांच्या आळशी अंदाजाच्या तुलनेत मोजायची, ती पण आम्ही निवडलेल्या महिन्यांवर आणि त्यात दिवाळी आणि मे महिना असलाच पाहिजे. डेटा नगरपालिकेचा, करार संपला तरी साध्या सीएसव्हीत (कुठंही उघडणाऱ्या साध्या फाइलीत) परत मिळाला पाहिजे. सेन्सर बंद पडला तर किती दिवसांत बदलणार आणि कोणाच्या खर्चानं. एवढं ऐकून पण ते पळून गेले नाहीत तर बोला पुढं.

उंबऱ्यातला_नळ

सीएसव्हीची अट ऐकूनच निम्मे पळतील 😂

टाकीवरचा_जेई

हे सगळं अभिप्रायात घेतो. झोनसाठी माझ्या डोक्यात दोन आहेत. एक नवीन कॉलनी, सपाट, पाइप नवे, जोडण्या सगळ्या कागदावर, लोक पण शिकलेले, मीटरला विरोध करणार नाहीत. दुसरा जुन्या गावठाणाचा टेकाडाकडचा भाग, तिथं सगळाच गोंधळ. साहेब आणि कंपनी दोघं अर्थातच कॉलनी म्हणतायत.

चावी_आणि_आटे

कॉलनीत करून काय मिळणार, तिथं आत्ता पण तक्रार नाही, समद्यांच्या बंगल्यात बोअर हाय. पाणी कमी पडलं तर कळणार पण नाही तुम्हाला. बाप म्हणतोय टेकाडाचा भाग घ्या, पण त्याच्या आधी तिथल्या जुन्या व्हॉल्व्हमनला घेऊन एक चक्कर मारा, त्या भागात नकाशावर नसलेला एक तरी व्हॉल्व्ह रस्त्याखाली गाडलेला असणार, डांबरीकरणात. तो सापडल्याशिवाय झोन तुटायचा नाही.